कारनं सायकलला उडवलं, तर विम्याचे पैसे मिळवायचे कसे

"काय झालं?" अपघात विभागातल्या पोरसवदा डॉक्टरनं विचारलं. माझं कोपर सोललेलं, मनगट टम्म सुजलेलं, फोनवर बायको रडत होती. तिला ऐकू जाईल म्हणून मी आवाज हलका करून म्हणालो, "काही नाही हो, सायकलवरून पडलो." डॉक्टरनं तेवढंच लिहून घेतलं.

खरं तर दौलताबादच्या रस्त्यावर, शरणापूरच्या अलीकडे, मागून आलेल्या कारनं मला घासत नेऊन खाली पाडलं होतं. पण कागदावर मी आपला आपणच पडलो होतो. पुढं विमा कंपनीच्या वकिलांनी तोच कागद न्यायाधीशांपुढे धरला आणि मला विचारलं, "तुम्हीच सांगितलं होतं ना, पडलो म्हणून?" त्या एका शब्दाची भरपाई करायला दोन साक्षीदार आणि दीड वर्ष गेलं. म्हणून हा लेख. छत्रपती संभाजीनगरात पहाटे सायकली काढणाऱ्यांत, लातूरला क्लासला सायकलनं जाणाऱ्या पोरांत आणि वाळूजला ड्युटी गाठणाऱ्यांत दरवर्षी नवे लोक येतात. दावा कोर्टात लढला जातो हे खरं, पण तो बनतो पहिल्या दोन दिवसांत, हे त्यांना कोणी सांगत नाही.

पैसे द्यायचे कुणी?

"माझ्या सायकलचा विमाच नाही, मग मला कोण पैसे देणार?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो. सायकलच्या विम्याची इथं गरजच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो तो, काढावाच लागतो. कारवाला आणि त्याची विमा कंपनी हे दोन पक्ष. तुम्ही तिसरे. तो विमा तुमच्यासाठीच असतो.

त्यामुळं "भाऊ, गरीब माणूस आहे, घरदार विकावं लागेल माझं" असं ड्रायव्हर म्हणाला तर घाबरून जाऊ नका. विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते, त्याच्या खिशातून जात नाही. त्याला भीती असते ती पोलीस केसची, आणि ती खरी आहे. निष्काळजीपणे गाडी चालवून इजा केल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदला जातो. म्हणूनच तो जागेवर मिटवायला बघतो.

जागेवर

आधी रस्त्याच्या कडेला या. मार डोक्याला किंवा पाठीला असेल तर उठायची घाई करू नका. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा चालतो. मदतीला आलेला माणूस "मला नंतर कोर्टात खेटे घालावे लागतील" म्हणून मागं सरत असेल तर त्याला सांगा, जखमीला मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे आणि नाव द्यायची सक्ती नाही. तरी त्याचा फोन नंबर गोडीत मागून ठेवा. साक्षीदार म्हणून तो सोन्यासारखा आहे.

मग गाडीचा नंबर. पूर्ण लक्षात राहिला नाही तरी सुरुवातीचे आकडे धरून ठेवा: २० म्हणजे छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई. जिल्हा, रंग आणि मॉडेल एवढ्यावर पोलिसांना गाडी सापडल्याची उदाहरणं आहेत. कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरचा धक्का लागला, तर ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा असे दोन्ही नंबर टिपा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते.

शक्य असेल तर सायकल हलवायच्या आधी फोटो काढा. सायकल कुठं पडली, कार कुठं थांबली, ब्रेकच्या खुणा, कारच्या कुठल्या बाजूला घासल्याची खूण आहे, आणि मागं एखादा किलोमीटरचा दगड, फाटा किंवा दुकानाची पाटी येईल असा एक फोटो. जवळच्या ढाब्यावर, पेट्रोल पंपावर कॅमेरा असेल तर त्याच दिवशी मालकाला भेटा. चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. घड्याळात किंवा फोनमध्ये राइडची नोंद होत असेल तर तीही जपा. तुमचा वेग आणि जागा दोन्ही त्यात असतात.

आता मिटवण्याबद्दल. आपल्याकडं पाच मिनिटांत दहा माणसं जमतात आणि त्यातल्या नऊ जणांना न्यायाधीश व्हायचं असतं. "ओ मामा, दोन हजार घ्या अन् सोडा की, ओळखीतलं पोरगं आहे." सोडू नका. सायकलस्वार पडताना हात टेकतो, आणि मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तर पहिल्या एक्स-रेत ते बरेचदा दिसतच नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढला की कळतं. तोवर तुमचे दोन हजार संपलेले असतात आणि "सर्व मिटले, तक्रार नाही" या कागदावर तुमची सही असते.

दवाखान्यात

इथं मी चुकलो, म्हणून इथं जरा थांबतो.

डॉक्टर विचारतील काय झालं. उत्तर एकच: "सायकलवर होतो, कारनं धडक दिली." कुठं, किती वाजता, नंबर माहीत असेल तर नंबर, सगळं सांगा. बेशुद्ध माणसाला आणलं असेल तर सोबत आलेल्यानं हेच सांगायचं. नातेवाईक घाबरून काहीबाही सांगतात आणि तेच कायमचं लिहिलं जातं. डॉक्टरनं काय लिहिलं ते तिथंच वाचून बघा, इंग्रजीत असेल तर वाचून दाखवायला सांगा. "सायकलवरून पडून" एवढंच असेल तर लगेच दुरुस्त करून मागा. त्या क्षणी दोन शब्द वाढवायला कुणाची ना नसते. महिन्याभरानं तेच करायला गेलात की खाडाखोड दिसते.

अपघाताची केस म्हणजे एमएलसी, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस. घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो, नांदेडचं विष्णुपुरी असो की गावातला खासगी दवाखाना, एमएलसी नोंदवून पोलिसांना कळवलं का हे विचारा आणि तिचा नंबर लिहून घ्या. काही खासगी दवाखाने "पोलिसांची कटकट नको, साधी केस दाखवू" असं सुचवतात. वरवर सोय वाटते, पण पाया तिथंच ढासळतो.

५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी १.५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या दवाखान्यांत पैसे न भरता होतो. अपघाताला पोलिसांचा दुजोरा लागतो, तेव्हा पोलिसांना लवकर कळवण्याचं हे आणखी एक कारण. भरती करताना "या योजनेत तुमचा दवाखाना आहे का?" हे विचारायला विसरू नका. आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

पोलीस ठाण्यात

ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथं फिर्याद. हद्द कळत नसेल तर कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, ते पुढं वर्ग करतात. जमादार म्हणतील, "अर्ज देऊन जा, बघतो." अर्ज, स्टेशन डायरीतली नोंद, अदखलपात्राची पावती, यातलं काहीच एफआयआर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खालचा गुन्हा दखलपात्र आहे, तेव्हा एफआयआरच मागा. तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. घेतच नसतील तर तीच फिर्याद लेखी करून पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालानं पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा. दवाखान्यात पडून असल्यामुळं उशीर झाला असेल तर फिर्यादीतच तसं लिहा. कारण पटण्यासारखं असेल तर नुसत्या उशिरानं दावा बुडत नाही.

घटनास्थळाचा पंचनामा होताना आपलं एखादं माणूस तिथं असू द्या. कार रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती, तुम्ही कडेपासून किती फुटांवर होता, हे मोजमाप त्यातच येतं. मोडलेली सायकल पंचनाम्याआधी दुरुस्तीला टाकू नका. ठाण्यात जमा झाली तर नंतर सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, सोडवता येते.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनी पोलिसांवर बरंच काम टाकलं आहे. ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला, आणि विमा कंपनीला द्यायचा. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्मही द्यायचा. नियम असा आहे, पण तुम्ही विचारलंत तर कामाला वेग येतो. "साहेब, पहिला अहवाल गेला का?" एवढा एक प्रश्न नम्रपणे विचारला की आपल्याला नियम माहीत आहे हे समोरच्याला कळतं.

कारची आरसी (नोंदणीचा कागद), विमा पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स, या तिघांच्या प्रती तपासी अंमलदाराकडून घ्या. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदतही दिसते. अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती का, हे तिथंच कळतं.

एक फाइल, एक वही

किराणा दुकानात मिळते तसली साधी फाइल घ्या. औषधाची प्रत्येक पावती, प्रत्येक एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, दवाखान्याला जाण्या-येण्याच्या रिक्षाचा खर्च, सायकल दुकानदाराकडून दुरुस्तीचा अंदाज आणि सायकल घेतल्याचं बिल. गिअरची सायकल चाळीस-पन्नास हजारांची असू शकते आणि तिचं नुकसानही भरपाईत मागता येतं, पण बिल नसेल तर वकील तिला भंगार ठरवतो. मेडिक्लेममधून पैसे घेणार असाल तर मूळ बिलं त्या कंपनीकडे जातात. देण्याआधी त्यांच्या साक्षांकित प्रती काढा.

वहीत रोज दोन ओळी. कुठं दुखलं, कोण मदतीला होतं, कामाचा दिवस बुडाला का. शेतमजूर, टपरीवाला, शिवणकाम करणारी बाई, यांच्याकडे पगारपत्रक नसतं. म्हणून पैसे मिळत नाहीत असं नाही. न्यायाधिकरण किमान वेतनासारखा आधार घेऊन उत्पन्न धरतं, घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचंही मोल धरतं. बँकेचं पासबुक, मजुरी देणाऱ्याचं पत्र, जे असेल ते जोडा.

दावा

दोन वाटा आहेत. पोलिसांच्या अहवालावरून विमा कंपनीचा नेमलेला अधिकारी तडजोडीची रक्कम देऊ करतो, ही पहिली. कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, ही दुसरी. न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच बसतं. ज्या जिल्ह्यात अपघात झाला तिथं किंवा तुम्ही राहता तिथं अर्ज करता येतो. हिंगोलीच्या पोराला पुण्यात कारनं उडवलं, तर दर तारखेला पुण्याला जायचं कारण नाही, हिंगोलीतच दावा चालतो. कायद्यात अर्जाची मुदत अपघातापासून ६ महिने आहे. हाड जुळण्याची वाट बघत बसू नका. उपचार चालू असतानाही अर्ज करता येतो, पुढची बिलं नंतर जोडता येतात.

चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळणारी रक्कमही कायद्यात आहे. कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीला २.५ लाख, मृत्यूला ५ लाख. गंभीर म्हणजे हाड किंवा दात मोडणं, सांधा निखळणं, १५ दिवस कामधंदा करता न येणं वगैरे. मोहात पडण्याआधी एक लक्षात घ्या: तडजोडीच्या प्रक्रियेतून ही रक्कम स्वीकारली की १६६ खालचा तुमचा अर्ज संपतो. बोट मोडलं असेल तर २.५ लाख उत्तमच. मांडीत रॉड पडला असेल तर सही करण्याआधी हिशेब करा.

हिशेब असा. समजा वय २८, महिन्याला १५ हजार, आणि कमाईच्या क्षमतेत १० टक्के घट. वर्षाचे १,८०,०००, त्याचे १० टक्के १८,०००. या वयाला सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलेला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्यानं गुणायचं तो आकडा, १७. झाले ३,०६,०००. तरुणाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचीही भर धरली जाते, आणि उपचार, बुडालेली मजुरी, वेदना, सांभाळणाऱ्याचा खर्च हे सगळं वेगळं. गुणक वयाप्रमाणे उतरतो: ४१ ते ४५ ला १४, ५६ ते ६० ला ९.

खरी गोम त्या टक्क्यात आहे. डॉक्टर शरीराच्या अपंगत्वाचे टक्के लिहितो, न्यायाधिकरण बघतं ते कमाईवर झालेल्या परिणामाचे. मनगट १० टक्के अधू झालं तर कारकुनाचं फारसं अडत नाही, पैठणच्या विणकराचा मात्र मागच सुटतो. तुमच्या कामात हात-पाय नेमके कसे लागतात, हे साक्षीत तपशिलानं सांगा. आणि ज्या डॉक्टरनं उपचार केले त्यांना आधीच विचारून ठेवा, साक्षीला याल का म्हणून. नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही.

कंपनीचा तपासनीस घरी येईल. चांगलं बोलतो, चहा घेतो. खरं तेच सांगा, पण कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. दवाखान्याच्या गेटवर भेटणारे "केस आणून द्या" वाले दलाल तर लांबूनच ओळखा. भरपाईतली टक्केवारी ठरवून केस घेणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही, तरी सर्रास चालतं. फी आकड्यात ठरवा, लिहून घ्या. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे पक्षकार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, आणि ते कार्यालयही न्यायालयाच्या आवारातच असतं.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत संभाजीनगरच्या खंडपीठात जाता येतं.

तुमचीही चूक काढतील

उलट्या बाजूनं जात होता, अंधारात मागं दिवा नव्हता, कानात इअरफोन होता. यातलं जे सिद्ध होईल त्या प्रमाणात रक्कम कापतात. "हेल्मेट नव्हतं" असंही म्हणतील. हेल्मेटची सक्ती दुचाकी मोटारसायकलला आहे, सायकलला नाही. घाला मात्र. तिन्हीसांजेनंतर बीड बायपासला बिनदिव्याची सायकल चालवणाऱ्यांविषयी मला काय वाटतं ते इथं लिहीत नाही.

गाडी पळाली, किंवा विमाच नाही

गाडी सापडलीच नाही तर कलम १६१ ची योजना आहे: गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. अर्ज अपघात झालेल्या तालुक्याच्या महसूल कार्यालयात, एफआयआर आणि दवाखान्याच्या कागदांसह. हे पैसे वाहनाच्या विम्यावर अवलंबून नसतात, आणि बहुतेकांना ते असतात हेच ठाऊक नसतं.

गाडी सापडली पण विमा नसेल, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. आरसीवर ज्याचं नाव तो मालक. "मी गाडी कधीच विकली" म्हणून तो सहज सुटत नाही. ड्रायव्हरकडे लायसन्स नसलं तर बहुतेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं, त्यामुळं तेवढ्यानं खचू नका.

एक सल्ला मात्र कुणी ना कुणी देईलच: "बिनविम्याचा ट्रॅक्टर दाखवण्यापेक्षा मेव्हण्याची विमा असलेली मोटारसायकल दाखवू." ही फसवणूक आहे. घासल्याच्या खुणा, उंची, पंचनामा जुळत नाही, कंपन्या अशी प्रकरणं उकरून काढतात, आणि खऱ्या जखमेचा माणूस आरोपी होऊन बसतो.

स्वतःकडचं धुंडाळा

बँकेचं पासबुक उघडून बघा. मे-जूनच्या सुमाराला २० रुपये कापले असतील तर तुम्ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत आहात: अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हातपाय गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेल्यास १ लाख. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी अपघात योजना आहे, मुख्याध्यापकांना विचारा. हे पैसे कारच्या विम्यापेक्षा स्वतंत्र आहेत, आणि एफआयआर, दवाखान्याचे कागद बहुतेक ठिकाणी तेच लागतात. म्हणून प्रत्येक कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स एकदमच काढा.

निकाल तुमच्या बाजूनं लागला की रक्कम व्याजासह न्यायाधिकरणात जमा होते, आणि त्यातला काही भाग बरेचदा मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. बँक खातं स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं असू द्या. माझ्या खात्यावर आडनावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं होतं. चेक अडीच महिने तसाच पडून राहिला.